तणीस

मेटॅडोर सहाला येणार होती.
आई तीनलाच उठून सामानात बसली,
दुखणेकऱ्याच्या उशाशी बसावं तशी.

आदल्या सांजेला फुलवंता मावशीनं
दोन भारे तणीस आणून टाकलं अंगणात.
"कपबश्यायले हेच बरं वो,
कागदाचा का भरोसा?"

मग एकेका कपाला घरटं.
बशी उभी लावायची, आडवी नाही.
आडवी बशी वजनानं मरते,
उभी बशी धक्का वाटून घेते,
हे आईला कुणी शिकवलं, ठाऊक नाही.
बाबा लाइनमन. ही पाचवी बदली.
पहिलीत सहातले चार कप गेले,
दुसरीत शिलाई मशीनचं चाक तडकलं.
तेव्हापासून कंदिलाची काच
ती तांदळाच्या डब्यात पुरते, गळ्यापर्यंत,
आणि वरून झाकणाला फडकं बांधते.

बाबांनी कपाट तारेनं आवळलं,
खांबावर मारतात ती गाठ मारून.
लोणच्यावर दाबण म्हणून असायचा
तो चिनी मातीचा इन्सुलेटर मात्र
तसाच भिरकावला दोरखंडात.
"याले काय होते?
अकरा हजार सोसले यानं."

आरसा माझ्या मांडीवर, ड्रायव्हरशेजारी.
त्याचं तोंड माझ्या पोटाकडे.
अडीचशे किलोमीटर
तो माझा फ्रॉकच पाहत आला.
जब्बारभाई खड्डा दिसला की आधी आरशाकडे बघत,
मग ब्रेककडे.

देवळीला चहाला थांबलो,
तर आई ताडपत्रीला कान लावून उभी.
आत काही खळखळत नव्हतं.
तिनं चहा पुन्हा मागवला,
हा मात्र बसून प्यायली.

कळंबच्या पुढे माती काळी झाली.
बांध दिसेनात. बोड्या दिसेनात.
जिकडे पाहावं तिकडे उभी वाळली पऱ्हाटी,
आणि आई पहिल्यांदाच म्हणाली,
"इथं चुलीले काय लावत असतीन,
ते तरी समजलं."

क्वार्टरात सामान उतरलं.
कप सहा, बश्या सहा, काच शाबूत.
दोरखंडाखालून निघाले
इन्सुलेटरचे तीन तुकडे.
बाबा ते हातात घेऊन
बराच वेळ ओट्यावर बसले होते.
आई काही बोलली नाही.
तिनं लोणच्यावर धुतलेला गोटा ठेवला.

तणीस न्हाणीच्या मागे टाकलं.
शेजारच्या गायीनं हुंगलं, मान फिरवली.
कडब्यावर वाढलेली ती.

मी शाळेत नाव घातलं,
'धान' म्हटलं की मुलं हसायची,
आणि एका सकाळी भांडी घासता घासता
आई थांबली.
न्हाणीच्या मोरीपाशी, कुजलेल्या काडीतून,
हिरवी पाती. बारीक. सात.

आम्हाला तिनं हाकसुद्धा मारली नाही.
बाभळीच्या काट्या आणून कुंपण केलं
ताटाएवढ्या जागेला.
बकरी आली तर धावत सुटायची, हातात लाटणं.
बाबांना सांगितलं, साबण पलीकडे लावजा,
त्या दगडावर.
बाबा हिवाळ्यातही मग पलीकडच्या दगडावर
कुडकुडत अंग घासायचे.

कोकिळा काकू कुंपणावरून वाकली.
"काय होय वो हे? गवत?"
"धान."
"इथं?"
"इथं कशाले येईन? संगं आलं.
बश्यायच्या."

दिवाळीच्या आगेमागे लोंब्या धरल्या.
आईनं एक दाणा दाताखाली दाबला.
फोल. दुसरा, फोल.
सातही लोंब्या तिनं अशा चाचपून पाहिल्या,
मग विळा आणला, बुडाशी धरून कापलं,
आणि मूठभर काडी
सांजवेळचं ऊन जाईस्तोवर वाळवत ठेवली.

पुढच्या वर्षी सहावी बदली आली.
फुलवंता मावशी इथं नव्हती,
काकूंनी जुने पेपर आणून दिले, गठ्ठाभर.
आईनं कप पेपरात बांधले, बश्याही,
उभ्याच.

माळ्यावरून ती मूठभर काडी काढली.
कंदिलाच्या काचेला हलकेच गुंडाळली,
आणि मग काच तांदळात ठेवली,
गळ्यापर्यंत.