जुना चावा

जांबोटीच्या वळणावर गवा आडवा आला,
तेव्हाची मोड.
नवऱ्याने गळ्यातला टॉवेल काढला,
हनुवटीखालून डोक्यावर नेऊन करकचून बांधला.
नाल्यावरचा साकव वाहून गेलेला,
घरात पेज होती.
हाड कुणासाठी थांबत नाही.
जिथं होतं तिथंच त्याने धरलं,
डाव्या अंगाला बोटभर सरकून.

नऊ महिन्यांनी रुक्माक्का गुरव
बेळगावला आमच्या खुर्चीत बसली.
डॉक्टर म्हणाले, "बाय तगीरी."
मी मराठीत सांगेपर्यंत
तिने आ केलासुद्धा. जेमतेम दोन बोटं.
"भाकरी?" मी विचारलं.
"कालवून. खरं नुसतं गिळतो."

माझं काम साच्यांचं.
रात्री लॅबमध्ये तिचा खालचा जबडा
पांढरा, कोरडा, माझ्या तळहातावर.
पेन्सिलची रेघ डॉक्टरांची: इथं काप.
बारीक करवतीने तिला मी पुन्हा मोडलं.
दोन तुकडे. मग सरकवत बसलो,
तांदळाच्या दाण्याएवढं इकडे,
अर्ध्या दाण्याएवढं तिकडे.
एक्स-रे कधीमधी थाप मारतो,
दाढा मारत नाहीत.
वीस वर्षं नाचणीची भाकरी चावून
वरच्या दाढेवर झिजलेली एक गुळगुळीत चकती,
खालच्या दाढेवर तिची जोडीदारीण.
नऊ महिने दोघींची गाठभेट नव्हती.

टक्.

एवढाच आवाज.
मेणाने पक्कं केलं, दिवा मालवला,
शेवटची बस गेली होती.

पुढचं डॉक्टरांच्या हातचं.
टायटॅनियमची पट्टी, आठ स्क्रू,
चार आठवडे दात तारेने बंद,
सिरिंजने आमसुलाचं सार,
आणि पाटीवर खडूने एकच तक्रार:
मीठ कमी.

परवा आली. ओच्यातून सुक्या खोबऱ्याचा तुकडा काढला,
आमच्यासमोर उजव्या दाढेखाली धरून
फोडला.
डॉक्टर हसले. मीही.

कडेवर लेक, अडीच वर्षांची.
बोलायला शिकली ती याच नऊ महिन्यांत,
आईच्या वाकड्या तोंडाकडे बघत बघत.
"शाखर," म्हणाली. "शाप. शकाळ."
रुक्माक्का तिला सावकाश म्हणाली, "साखर."

पोर तिच्या तोंडाकडे बघत राहिली,
पाव्हण्याकडे बघावं तशी.
मग स्वतःची हनुवटी
हलकेच डावीकडे सरकवली
आणि म्हणाली, "शाखर."