हातचा

पंधरा मिनिटं म्हणजे एक युनिट.
आठ मिनिटं भरली तर एक धरायचं,
सात भरली तर शून्य.
अकरा वर्षांपूर्वी मला एवढंच शिकवलं गेलं
तळघरातल्या या खोलीत,
जिच्या खिडकीतून सुपीरियर सरोवर दिसत नाही,
वारा फिरला की नुसतं ऐकू येतं.

मी टीममध्ये नाही. मी टीमची खर्डेघाशी.
टीम म्हणजे नर्स मायली व्हू,
आणि रूबेन, जो दोनदा वॉर्डात राहून आला
आणि आता त्याच अनुभवाचा पगार घेतो
(हे तोच सांगतो, हसत),
गुरुवारच्या डॉक्टरीणबाई,
आणि एक व्हॅन, जिचा हीटर
फक्त ड्रायव्हरच्या पायांपुरता.
यादीवर माणसं त्रेसष्ट.

मंगळवार. उणे एकवीस.
टास्कीला दार उघडत नाही.
मायली जिन्यात बसते, दाराला पाठ टेकून.
आतून तोही तसाच बसला असावा,
लाकडातून श्वास ऐकू येतो म्हणे.
ती त्याला सांगते, कोपऱ्यावर सार्डिनचे डबे स्वस्त झालेत,
तिच्या धाकटीचा पुढचा दात पडला,
बंदरात बर्फ फोडणारी बोट आली.
चाळीस मिनिटं.
फॉर्मवर: भेट झाली नाही.
युनिट शून्य.

बुधवारी रूबेन. शून्य.

शुक्रवारी दार चार बोटं उघडतं,
साखळीमागून एक हात येतो,
गोळी घेतो, पाणी नको म्हणतो.
सहा मिनिटं.
मी शून्य लिहिलं
आणि पेन्सिल ठेवून थोडा वेळ नुसती बसले.

काउंटीच्या सभेत बोलायला तीन मिनिटं मिळतात.
हिरवा दिवा, पिवळा, लाल.
समोर ग्रेसेथसाहेब. वाईट माणूस नव्हे,
माझ्या आईच्या मातीला आले होते,
उभे राहिले होते शेवटपर्यंत, बूट ओले होऊन.
ते म्हणाले, एवढा पैसा ओतायचा
आणि तुमची माणसं बंद दाराशी गप्पा मारतात?

मी कागद वाचला. नाव न घेता.
टीमच्या आधीचं वर्ष: इस्पितळात एकशे त्रेचाळीस रात्री,
तुरुंगात एकतीस, अँब्युलन्स नऊ वेळा.
यंदा: इस्पितळात सहा.
तुरुंग शून्य. अँब्युलन्स शून्य.
हीसुद्धा शून्यंच, साहेब,
पण न घडलेल्या गोष्टीची पावती फाडायची कुठे
ते मला कुणी शिकवलं नाही.

लाल दिवा.
कुणीतरी खोकलं.
मंजूर: सहा महिन्यांचे.
पुढचं जूनमध्ये बघू.

मार्चमध्ये रूबेन त्याला खाली घेऊन आला, सहीसाठी.
तेव्हा मी टास्कीलाला पहिल्यांदा पाहिलं,
इतकी वर्षं तो माझ्याकडे एक ओळ होता.
उंच, वाकलेला, दोन कोट, एकावर एक.
सही करताना त्याची नजर माझ्या वहीवर गेली.
खनिजाच्या धक्क्यावर तो कधीकाळी वजनं टिपायचा,
हे मला माहीत नव्हतं, फॉर्ममध्ये तो रकाना नाही.

त्याने बोट ठेवलं. नखाखाली काळं.
सात नि आठ पंधरा, म्हणाला,
पाच मांडलेत बरोबर.
हातचा विसरलात.

मी परत बेरीज केली.
खरंच विसरले होते.
महिन्याचा आकडा दहा डॉलरने वाढला,
त्याने कुणाचं काही भलं होणार नव्हतं.
तो निरोप न घेता जिना चढून गेला,
रूबेन त्याच्यामागे, दोन पायऱ्या सोडून.

मी घड्याळ पाहिलं. बारा मिनिटं.
युनिट: एक.

पुढच्या मंगळवारी दार पुन्हा बंद.
मायलीने पायमोज्यांचा दुसरा जोड चढवला
आणि व्हॅनची किल्ली मागितली.