चाळीस ग्रॅम

संकेश्वर स्टँडवर कंडक्टरनं गावाचं नाव एका तऱ्हेनं घेतलं,
शेजारच्या बाईनं दुसऱ्या,
आणि पाटी बहुतेक तिसरंच सांगत होती.
ती कन्नडात. मी नुसती बघत राहिले.
उतरले तेव्हा हातात पितळी वजनांची पेटी,
वहीत एवढंच : मगदूम. मिरची. काटा बिघडलाय.

गाव म्हणजे एक तिठा.
पतसंस्थेचं ओढलेलं शटर, दूध डेअरी, खताचं दुकान,
एक मोबाइलचा टॉवर. त्याची सावली ती कसली,
चार रेघा. चार रेघांत चार कुत्री निजलेली.
अर्ध्या रस्त्यावर मिरची वाळत होती
आणि मला सोडून गेलेली बस
तिला वळसा घालून, मातीत उतरून, पुढं गेली.
मी शिंकले.
"पोचल्या बघा बाई," कुणीतरी आतून म्हणालं.

बाळगौडा मगदूम मराठीत भांडत आणि कन्नडात मोजत.
दस्तगीर पहिल्या पोत्याला म्हणे 'लाभ',
मग एरडु, मूरु, नाल्कु.
'एक' कुठल्याच भाषेत नव्हता तिथं.

काटा पालथा केला.
खाली मिरचीचं बी, एक चाराणा,
आणि कुंभारमाशीनं बांधलेलं मातीचं घर.
पाच किलोचं वजन ठेवलं :
चार नऊशे साठ.
पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच.
म्हणजे पाच किलोमागं चाळीस ग्रॅम
मालकाचेच जात होते, फुकट.
"किती दिवस झाले?"
"गाडीवरनं पडला तवापासनं. दोन दिवाळ्या."

तेवढ्यात एक म्हातारी आली, शेवक्का.
त्याच काट्यावर पाच किलो घेतली,
पिशवीत हात घातला,
एक मूठ काढून ढिगावर परत टाकली
आणि पदर सारखा करत उभी राहिली.
कुणी बघितलं नाही. मीच बघत होते.
मागचा माणूस, तोही तसाच.
त्याच्यामागचं पोरगं,
त्याची मूठ इवलीशी, म्हणून दोन.

दस्तगीर पोत्यावर बसून बिडी शोधत होता.
"मूठ ल्हान-मोठी असतीय की बाई," म्हणाला,
"काटा नीट झाला तर बरं."

मी नीट केला.
माशीचं घर स्क्रूड्रायव्हरनं काढताना
थोडं थांबले, ते रिकामं होतं, मग काढलं.
पाच किलो, पाच किलो, तिसऱ्यांदा पाच किलो.
पावती फाडली.

दुपारी शेवक्का परत आली, लेकीसाठी अजून पाच.
वजन झालं आणि तिचा हात
सवयीनं पिशवीत.
"काकू, आता बरोबर आहे," मी म्हटलं.
तिनं माझ्याकडं असं बघितलं
जसं मी सकाळी पाटीकडं बघितलं होतं.
मूठ ढिगावर पडली.
बाळगौडांनी ती उचलून तिच्या पिशवीत टाकली.
तिनं काढली. त्यांनी टाकली.
आता ते कन्नडात भांडत होते, ती मराठीत,
आणि तीनची बस
मिरचीला वळसा घालून निघून गेली.

"ऊट माडरी," आतून हाक आली. मग मलाच, मराठीत,
"जेवूनच जावा की."
भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा.
ठेच्याबद्दल काही लिहीत नाही.

बसची वाट बघताना त्रिशला, बाळगौडांची नात,
ट्रॉलीच्या धुळीवर बोटानं गावाचं नाव काढू लागली.
पहिलं अक्षर झालं, गोल पोट, वर तुरा.
"ह," म्हणाली. "म्हणा, ह."
दुसरं काढायच्या आत
कुणीतरी ट्रॅक्टर चालू केला.

अंधारात बस आली. पाटीवर
तेच पोट, तोच तुरा.
"हुक्केरी?" मी विचारलं.
कंडक्टर म्हणाला, "वाचता येतंय न्हवं? मग चढा की."

चढले. जागा मिळाली.
आणि खिडकीशी बसून, विसरून,
डोळा चोळला.