उतारा

बाटलीवर मी तारीख लिहिली, वाफ्याचा नंबर लिहिला,
आणि 'नमुना गोळा करणारा' या रकान्यात
बळीराम आंबो मढवी, वय एकाहत्तर, भांडुप मिठागर.
मॅडमनी विचारलं, हे कोण?
म्हटलं, वडील.
कुठल्या दिवशीचं पाणी घ्यायचं ते त्यांनाच कळतं.

"पानी तांबरा झाला का मीठ आला समज."
त्यांना तो मिठाचा रंग वाटतो.
तो जिवाणूंचा. एप्रिलच्या दुपारी,
जिथे सावलीपुरतं गवताचं पातंही नाही,
तिथे ते केशरी होत जातात.
मी आधी वहीत छत्री असं लिहिलं होतं.
मग खोडलं. छत्री मिटता येते.
हे हळदीसारखं, आतवर मुरलेलं.

चौथ्या मजल्यावर आमची जांभळी नळी.
पहिल्या दिवशी वीस सेकंद.
लाखातले सात उरले.
त्या सातांना खाऊ घातलं, वाढवलं,
पुन्हा नळीखाली. पंचवीस सेकंद.
गणपती गेले, दिवाळीची सुट्टी बुडाली,
एकशे दहाव्या फेरीला अकरा मिनिटं.

शेजारची अन्विता विचारते, शिकले का गं ते?
नाही. कुणीच काही शिकलं नाही.
स्वतःचा मजकूर उतरवून घेताना
एखाद्याचं एक अक्षर चुकलं,
आणि ती चूक नेमकी त्या दिवशी कामाला आली.
बाकीच्यांच्या चुका, आणि बिनचूक असलेलेही,
मी उकळून फेकून दिले,
हात धुतले, डबा खाल्ला.

उरलेल्यांकडे एकाच मजकुराचे
पाच-पाच, दहा-दहा उतारे असतात.
उन्हानं एक फाडला
तर दुसऱ्यावरून वाचून पहिला सांधायचा.
आमच्या घरी सातबाराचा एकच उतारा होता,
तोही नावावर नसलेल्या जमिनीचा.
बाबांनी तो पिशवीत घालून
तहसील कचेरीच्या इतक्या फेऱ्या मारल्या
की घडीवरची अक्षरं आधी गेली.

बाविसाव्या फेरीला माझ्याकडून चूक झाली.
प्लेट काळ्या कागदात गुंडाळायची राहिली,
रात्रभर नाही, सकाळभर खिडकीत पडून होती.
बघते तर केशरी ठिपकेच ठिपके,
मोजताच येईनात.
मॅडम रागावल्या, मग हसल्या.
त्यांच्यात एक अवजार असतं म्हणाल्या,
साध्या उजेडावर चालतं.
ऊन जे मोडतं
ते उन्हाच्याच दुसऱ्या रंगानं जोडतं.

घरी येऊन हे बाबांना सांगितलं.
त्यांच्या उजव्या डोळ्यात वडस आलाय,
पांढरा, बुबुळावर सरकत चाललेला,
चाळीस उन्हाळे मिठावरून परतलेल्या उजेडाचा.
ते माझ्याकडे बघताना मान थोडी वळवतात.
"मंग आपल्याकं का नाय?"

होतं म्हणतात. फार फार पूर्वी.
आपले कुणी पूर्वज, उंदराएवढे,
दिवसाला भिऊन बिळात राहिले, रात्रीचेच फिरले,
आणि न वापरलेलं अवजार
त्या अंधारात कुठेतरी पडून गेलं.
बाबा बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "भिऊन?"
मी म्हटलं, असं म्हणतात.
"मी तं नव्हतो भिलो."

मिठागरावर आता मोजणीचे खांब रोवलेत,
डोक्याला लाल रंग लावलेले.
या वर्षी तीनच वाफ्यांत पाणी घेतलं.

अकरा मिनिटंवाले मी उणे ऐंशीत ठेवले.
बोटभर नळ्या, प्रत्येकीवर फेरीचा आकडा.
बाबांनी विचारलं, परत वाफ्यात सोडशील?
नियमात बसत नाही.
मग बाहेर ठेवून वाढवशील?
वाढवता येतील, पण नळी दाखवली नाही
तर पिढ्यांमागून पिढ्या हळूहळू विसरतील;
ज्याची गरज नाही ते जपायला कुणाला परवडतं?

त्यांनी चहाच्या कपात बोट बुडवून
लादीवर एक चौकोन काढला,
आत एक, त्याच्या आत एक,
वाफे काढतात तसे.
"मंग त्यांना आता
ऊन कोन दावनार?"