पावणेतीन

गॅरेजच्या भिंतीवर चार खिळे.
सव्वातीन, तीन, पावणेतीन, अडीच.
चार पुल्या उतरत्या क्रमाने,
फोटोसाठी उभ्या केलेल्या भावंडांसारख्या.

वेंडेल सरळ शेवटच्या खिळ्याकडे गेला.
बटाट्याच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो,
दोन हंगामांची कमाई त्या काळ्या गाडीत ओतलेली.
"अडीच लाव," म्हणाला.

मी म्हणाले, बाबा रे,
पुली जितकी लहान तितका सुपरचार्जर गरगरतो,
गरगरतो म्हणून हवा कोंबतो,
कोंबलेली हवा तापते.
आणि तू भरतोस काय,
तर नाक्यावरच्या पंपाचं एक्याण्णव.
लहान तोंडी मोठा घास.

पण आलामोसा साडेसात हजार फुटांवर.
इथली हवा पाणी घातलेल्या ताकासारखी,
नवा माणूस जिन्यात दोनदा थांबतो.
इथे अडीच कधीकधी खपून जाते,
आणि हे त्याला ठाऊक होतं,
म्हणून मला हसू आलं आणि मी लावली.
पट्टाही आखूड लागला.

रात्री दहा. बार्लीच्या शेतांमधला रस्ता,
पट्टीने आखल्यासारखा.
मी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेले,
तो तिसऱ्या गिअरमध्ये पाय खाली नेत गेला
आणि बॉनेटखालून ती किंकाळी उठली,
जिच्यासाठी माणसं लग्नं लांबणीवर टाकतात.

माझ्या वडिलांना लॅपटॉप लागत नसे.
कॉफीच्या डब्यात चार खडे, म्हणायचे,
तसं वाजलं की आधी पाय उचल,
वाद मागाहून घाल.
त्यांचा डावा कान तेव्हाच गेला होता,
उजव्यावर त्यांनी तीस वर्षं इंजिनं वाचवली.

पडद्यावर एकदाच
स्पार्क दीड अंश मागे सरकला.
एकदाच. मी काही बोलले नाही.

परतताना वेंडेल सहज म्हणाला,
शनिवारी निघतोय. टेक्ससला, पोर्ट अरान्सास.
भाऊ तिथे कोळंबीच्या बोटीवर असतो.
चार वर्षं झाली.
गाडी आम्ही दोघं मिळून घेणार होतो.

समुद्र.
मी त्याला गाडी बाजूला घ्यायला लावली.
खाली हवा दाट असते, वेंडेल.
तीच पुली, तोच पट्टा,
आणि घास सव्वापटीहून मोठा.
"तिकडे त्र्याण्णव मिळतं."
दोन आकडे, म्हटलं. नुसते दोन.
आणि ऑगस्टची दुपार धरली आहेस का हिशेबात?

त्याने धरली नव्हती.
तो भावाच्या तोंडाकडे बघत होता,
हजार मैलांवरून, काचेतून.

बारा वाजता पुलर लावला,
स्क्रू एकेक आटा फिरवत अडीच उतरवली.
बॅटरी त्याने धरली होती, हात जरा हलत होता.
पावणेतीन बसवली. जुना पट्टा परत.
"भावाला काय सांगू?"
अडीच सांग, मी म्हणाले. तो काही मोजायला बसणार नाही.
काढलेली पुली त्याने फडक्यात गुंडाळून
पुढच्या कप्प्यात ठेवली,
मी पाहिलं नाही असं दाखवलं.

नऊ दिवसांनी फोन.
तो बोलतच नाही, नुसता बॉनेटपाशी धरलाय.
किंकाळी चढते, उतरते,
कुणीतरी दुसरा मोठ्याने हसतो,
आणि त्या सगळ्याखाली मला ऐकू येतं:
खडे.
डब्यातले. बारीक, ओढल्यासारखे,
थांबून पुन्हा.

कोणती लावली आहेस, मी ओरडले.
बंद कर. वेंडेल, आधी बंद कर.

त्याने किल्ली फिरवली.
इंजिन थांबलं.

आवाज तसाच चालू राहिला,
लाट मागे जाताना
शिंपले खरवडत नेत होती.
मी उजव्या कानाला फोन लावून
बराच वेळ उभी होते.