पेर

दोन सफरचंदं, तीन नाशपती,
एक खरबूज, ज्याचं झाकण नीट बसत नाही.
सगळी लाकडाची, पोकळ, ओंजळीत मावतील एवढी.
पोटाशी किल्लीचं भोक,
आत शिशाचा पत्रा, अर्धा खरवडलेला.
दोनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा थंड गावात
चहा कुलपात राहायचा
आणि किल्ली बाईच्या कमरेला.

आमचा चहा प्लास्टिकच्या बरणीत, लाल झाकणाच्या.
हे सुलक्षा दर पाहुण्याला सांगते.

सातव्याचं सांगायचं राहिलं.

पोस्टातून निवृत्त झालेले लोक
काशीला जातात, नाहीतर साखर तपासायला.
मी शुक्रवारी म्हापशाला जातो.
मिरच्यांच्या माळा संपतात तिथं कायतानचं दुकान:
खुर्च्यांचे सुटे पाय, कानतुटक्या किटल्या,
कुठल्यातरी संताचा एकटा डावा हात.
त्या हाताशेजारी ती होती.
"लोटलीच्या घरातली," कायतान म्हणाला,
"आगबोटीतनं आलेली. पेरा, सायबा, पेरा. नाशपती."
मी घासाघीस केली,
आतून मात्र केव्हाच पैसे मोजले होते.

पर्वरीला आणून दिव्याखाली धरली.
रंग जुना. वजन बरोबर.
देठ तर इतका खरा, की
चिमटीत धरून उचलायला भीती वाटावी.
मग उलटी केली.
नाशपतीला बुडाशी असतो नुसता एक खळगा.
इथं पाच पाकळ्या कोरलेल्या,
सुकून घट्ट बसलेल्या फुलाच्या.
नखानं काळं जरासं खरवडलं,
खाली पिवळंधमक.
नाशपतीच्या देशात फणस कधी उगवला?

सुलक्षानं चष्माही न लावता सांगितलं,
"अहो, हा तर पेरू."

कायतानला विचारलं तर लाजला वगैरे नाही.
पाकिटाच्या मागं पत्ता लिहून दिला: कुंकळ्ळी,
पुरसो चितारी, देवळाच्या मागं, कुत्रं चावत नाही.

पुरसो पाळण्याचे खांब रंगवत होता,
चरकावर फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवून.
लाल, मग पिवळा, मग हिरवा,
केवड्याच्या पातीनं घासून चकचकीत.
माझी वस्तू त्यानं हातात घेतली,
देठावरून अंगठा फिरवला
आणि ओळखीच्या पोराकडं बघावं तसं बघितलं.
"ताणें पेर सांगलें," तो म्हणाला,
"हांवें पेर केलें."
मागच्या झाडाकडं बोट दाखवलं. झाड फळांनी वाकलेलं,
अर्धी पोपटांनी चोचावलेली.

एक शब्द गलबतातून उतरला होता,
स्वतःचं फळ त्याला इथं सापडेना,
तेव्हा दिसेल त्या झाडावर जाऊन बसला.
मला हे सगळं त्याला सांगायचं होतं.
सांगितलं नाही. तो काम करत होता.

"नाशपती बघितलीय कधी?"
"इस्पितळात. सुनेनं आणली होती,
पांढऱ्या जाळीत घालून.
तेव्हा तोंडात दात नव्हते."

आणि ज्यांनी त्या बाकीच्या सहा घडवल्या,
त्यांनी तरी चहाचं झाड कुठं पाहिलं असेल?

निघताना लोभ सुटेना. म्हटलं,
काजूचं बोंडू करून द्याल? तसलं कुणाकडेच नाही.
चरक थांबला. तो खरोखर विचार करत होता.
"त्याची बी बाहेर असते," म्हणाला.
"कुलूप लावून आत काय ठेवणार?"

पैसे घेतले नाहीत. पिशवीत पेरं घातली, पाच,
पिकलेली, वरच्या फांदीची.
मडगावपर्यंत सगळ्या बसला वास.
शेजारची बाई दोनदा पिशवीकडं बघून हसली.
तिलाच विचारलं, घेणार का एखादं?
तिनं हात घातला
आणि बरोबर सहावं काढलं.