चित्राची पाठ

मुहर्रकच्या अरुंद गल्लीत
मोत्यांच्या कुण्या व्यापाऱ्याचं रिकामं घर घेऊन
तिनं गॅलरी काढली, नाव दिलं आजोबांचं.
पाटी बसवायला मी शिडीवर,
खाली मोक्तार, हातात लेव्हल, तोंडात सुपारी.

अरबीला च नाही, व नाही,
म्हणून वरच्या ओळीत आजोबा झाले गरनशारूफ.
इंग्रजी ओळ ज्याची त्यानं वाचावी :
कुरिअरवाला म्हणतो ग्रँचरो,
बँकेतला पोरगा ग्रीनचेरी.
तिसरी ओळ त्यांच्याच लिपीत, आणि तिच्यात
एक विचित्र अक्षर,
इंग्रजी बी, पण डोक्यावर डावीकडे तुरा खोचलेला.

रालित्सा म्हणाली, हे इथं कुणालाच जमत नाही.
तोंड अर्धं उघडायचं,
जीभ निवांत ठेवायची,
नुसता आवाज सोडायचा.

अ, म्हटलं मी.

ती थांबली. पुन्हा म्हण.
अ.
शिडीच्या सातव्या पायरीवर, पहिलीच्या वर्गात असल्यासारखा :
अ. अननसाचा अ.
ग्रंचारोव.
त्या बेटावर तिच्या आजोबांचं नाव
पहिल्यांदा धड कुणाच्या तोंडून निघालं असेल
तर ते एका एसी मेकॅनिकच्या.

दुपारी चहा घेताना तिनं अर्थ सांगितला.
ग्रंचार म्हणजे मडकी घडवणारा.
आमच्याकडे पाच पिढ्या, म्हणाली, मग हे एक चित्रकार निघाले.

माझ्या कार्डावर छापलंय : कुंबार.
ह विमानतळावरच राहिला, परत मागितला नाही.
तिला मी काही बोललो नाही.
बोललो असतो तर तिनं टाळी वाजवली असती,
उद्घाटनाला माईकपुढं उभं केलं असतं मला,
आणि मला तर चाक फिरवता येत नाही.
आमचं चाक मी जन्मायच्या आधीच थांबलेलं.
वडलांनी कृष्णाकाठी विटा पाडल्या,
मी आयटीआयला गॅस भरायला शिकलो.

चित्रं लोक पुढून बघतात.
मी पाठी बघतो.
पुठ्ठा, कारण कॅनव्हासला पैसे नव्हते.
साबणाच्या खोक्याचा शिक्का.
पेन्सिलीतली बेरीज : कोळसा, मीठ, पुन्हा कोळसा,
शेवटी खोडलेली.
सगळ्यात लहान चित्राच्या मागं, कोपऱ्यात,
तपकिरी रंगात आंगठ्याचा ठसा.
सही पुढं आहे, मोठी, झोकदार.
हा मात्र चुकून उमटलेला.
माझा आंगठा त्यावर बसेल का बघावंसं वाटलं.
हातमोजा काढला नाही. नियम आहे.

एका शुक्रवारी आलीला जाऊन आलो.
तिथं अजून भट्ट्या आहेत, मेलेल्यांच्या टेकड्यांच्या कुशीत.
म्हातारा पायानं चाक ढकलत होता,
माझ्याकडे वळून न बघता.
तीन कुंभार एका बेटावर, असं म्हणायचा मोह झाला,
पण एक मेलेला, एक कामात,
आणि तिसऱ्यानं हजार फिल्सचं धूपपात्र
घासाघीस करून सातशेला घेतलं.

उद्घाटनाला मी मागच्या खोलीत होतो, मीटरपाशी.
आर्द्रता बावन्न. बाहेर एक्क्याण्णव.
दारातून ऐकू येत होतं :
ग्रँचरो, ग्रॅनचॅरॉव्ह, काय धाडसी तपकिरी.
मी काटा बघत राहिलो.
कोपऱ्यातला तो ठसा ओला व्हायला नको.

ऑगस्टमध्ये खारं वारं सुटलं.
पहाटे मोक्तारचा फोन :
भाई, तुझं ते अक्षर पडलं.

गल्लीत कुणी नव्हतं. ते उंबऱ्याशी उताणं पडलेलं.
उचललं, उलटं केलं,
पाठीवर वाळून गेलेला गोंद, माझाच.
बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं,
मडकं वाजवून घ्यावं तसं.
तडा नव्हता.
मोक्तारनं शिडी धरली.